शेवटचं रीळ

राजूर,
होळीनंतरचा बुधवार, १९९७

प्रिय बेबीताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडताच बाजूला ठेवाल, अशी मला धास्ती आहे. म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, मी कुणाची रदबदली करायला लिहीत नाही. तुमच्या आईच्या, आपल्या बाईंच्या, तेराव्याला तुम्ही सगळ्या सोयऱ्यांसमोर भाऊजींना विचारलंत, "तू कोण हायेस ते आता तरी सांग," आणि पानावरून उठून नांदेडच्या गाडीला निघून गेलात. जाताना मला म्हणालात, "ज्या घरात तो हाय, त्या घरात माझं माहेर न्हाई." त्यानंतर मी तुम्हाला एकही निरोप धाडला नाही, कारण तुमच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आता आहे. पण ते एकदम सांगण्यासारखं नाही. मला थोडं मागून यावं लागेल. बसून वाचा. दाजी घरी असतील तेव्हा वाचलंत तर आणखी बरं.

तुम्हाला ठाऊक असलेलंच काही पुन्हा लिहिते, कारण मी या घरात नंतर आले आणि माझ्या मनात ते सगळं ओळीनं लागल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा वसंताभाऊजींचा घरात एक फोटोसुद्धा नव्हता. होते ते फक्त बाईंच्या बोलण्यात. अंगारकीला इथं तंबूतला सिनेमा आला, आणि तंबू उठला त्या सकाळी सोळा वर्षांचा वसंता अंथरुणात नव्हता. तात्यांनी जालना पालथं घातलं, बीड, परभणी केलं. तंबू पुन्हा कधी राजूरला लागला नाही. माझे मालक तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यांना थोरल्या भावाचा चेहरा आठवतच नाही, फक्त त्याच्या खांद्यावर बसून गणपतीची पालखी पाहिलेली आठवते. तात्या वाट पाहून गेले. म्हणजे घरात वसंताचा चेहरा नीट ठाऊक असलेली माणसं दोनच उरली, बाई आणि तुम्ही.

आणि मग त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो माणूस दारात उभा राहिला. त्या वेळी घरात मी होते, तुम्ही नव्हता. मी ओसरीवर मिरच्यांची देठं खुडत होते. उंच, हाडकलेला, हातात पत्र्याची पेटी. "अप्पारावचं घर हेच का?" असं त्यानं मला विचारलं. आपल्याच बापाचं, तात्यांचं, नाव घेऊन घर असं परक्यासारखं कोण विचारतं, हे माझ्या मनात त्याच क्षणी आलं होतं. बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. तो म्हणाला, "मी वसंता..." आणि अडखळला. पुढं त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण बाईंनी तोवर त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. "आलास का रे? किती वाळलास," एवढंच म्हणाल्या आणि त्याच्या छातीवर कपाळ टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यावरून तो माझ्याकडे बघत होता. सतरा वर्षांनी घरी आलेला लेक असा बघत नाही, ताई. चोरी करताना सापडलेला माणूस तसा बघतो. हे मी तेव्हा कुणालाच बोलले नाही. आल्या आल्या घरातली सून असं काही बोलली असती, तर बाईंनी माझी गाठोडी बांधून दिली असती.

पुढच्या आठवड्यात तुम्ही आलात. तुम्ही त्यांच्यासमोर बसून एकेक विचारत गेलात ते मला लख्ख आठवतं. नाल्यात तुम्हाला कुत्रं चावलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. वसंतानं तुम्हाला पाठीवर घेऊन वैदूकडं नेलं होतं, तेही. तात्यांच्या तांबड्या बैलाचं नाव ठाऊक होतं. माझ्या मालकांना वाटलं, झालं, आता कशाला शंका. पण तुम्ही मला गोठ्यात ओढून नेलंत आणि म्हणालात, "नंदे, हा आठवून सांगत न्हाई. ऐकलेलं सांगून राह्यला." मग तुम्ही म्हणालात, आमचं सगळं घर ठेंगणं, हा एवढा उंच कुठून झाला? वसंता बाईला बाई म्हणायचा, आम्ही सगळेच म्हणतो, हा 'आई' कसा म्हणतो? लोक म्हणाले, सोळाव्या वर्षानंतरही पोरं वाढतात, परमुलखात राहिलं की बोली बदलते. बाईंसमोर हा विषय काढला की त्या उठून जायच्या. त्यांची नजर तेव्हा चांगली होती, सुईत दोरा त्या स्वतः ओवायच्या. मग त्यांना कसं दिसलं नाही, या विचारानं मी कितीदा घोटाळले.

तुम्ही वर्षातून एकदा यायचात आणि शंका घेऊन परत जायचात. मला ती शंका घेऊन त्याच घरात राहावं लागलं. त्यांच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि तेच मला खुपायचं. पहाटे उठून गोठा झाडायचे, रानात राबायचे, ताटात पडेल ते खायचे. साळूबाई शेजारीण त्यांच्यासाठी स्थळं आणायची, तर ते हात जोडायचे. तलाठी आला तेव्हा यांनी स्वतःहून म्हटलं, दादा, तुझं नाव लावून घेऊ. तर म्हणाले, "माझं काय करायचं नाव? तुझंच राहू दे." स्वतःच्या बापाच्या जमिनीवर नाव नको म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. कधी कधी ते रानात पाठमोरे काम करत असताना मी "वसंताभाऊजी" म्हणून हाक मारायची, तर ते वळायचे नाहीत. जवळ जाऊन "भाऊजी" म्हटलं की लगेच वळायचे. बांगड्या घेऊन येणाऱ्या कमरबीशी मात्र तिच्या बोलीत घरच्यासारखं बोलायचे. मी हे सगळं मनात साठवत गेले. पण बाईंचं शेवटचं दुखणं सुरू झालं तेव्हा त्यांना उचलून उन्हात बसवायचं, त्यांचं धुणं करायचं, हे सगळं भाऊजींनी केलं, आणि मी शंका गिळून टाकली. तेराव्याला तुम्ही ती पुन्हा सगळ्यांसमोर ठेवलीत. त्या वेळी ते मान खाली घालून गोठ्याकडं निघून गेले. निर्दोष माणूस निदान रागावतो तरी.

आता शनिवारचं सांगते, मागच्या नव्हे, त्याच्या आधीच्या. दुपारी चारला टीव्हीवर जुना मराठी पिक्चर लागतो. त्या दिवशी लाईट होती. मी, हे आणि साळूबाई बसलो होतो. पिक्चर निघाला तो, त्या जुन्या नाटकावरचा, ज्याला आपल्याकडं सगळे 'परत आलेल्या पोराचं नाटक' म्हणतात. नाटक मी लहानपणी घनसावंगीला गणपतीत पाहिलं होतं, बायांची कामं गड्यांनीच केली होती. सरदाराचा एकुलता मुलगा लढाईत नाहीसा होतो, पुष्कळ वर्षांनी एक जण येऊन म्हणतो मीच तो, आणि आईला कळेना की हा आपला की परका. पिक्चर मी कधी पाहिला नव्हता. काळापांढरा, चित्रावर सारख्या रेघा ओढल्यासारख्या. नाटकातली निम्मी पदं गाळून त्याऐवजी घोडे आणि नदी घातली होती.

सुरुवातीचं गाणं लागलं आणि भाऊजी अंगणातून आत आले. एरवी ते टीव्हीसमोर बसत नाहीत. हातात वळत असलेला दोर तसाच, उंबऱ्यावर टेकले. थोड्या वेळानं माझ्या कानावर आलं की पडद्यावरचा माणूस बोलण्याआधी हे ते वाक्य पुटपुटतायत. साळूबाईनं विचारलं, "पाठ केला का काय हो?" तर किंचित हसून म्हणाले, "लई बारी दावला. तंबूत हाच जास्ती चालायचा." मला जरा बरंच वाटलं. म्हटलं, निदान तंबूतल्या सिनेमाचं तरी खरं आहे.

मग ती जागा आली. आई दिवा घेऊन येते, त्या माणसाच्या तोंडावर उजेड धरते, बराच वेळ बघते, आणि दिवा खाली ठेवून त्याला उराशी धरते. वाद्यं जोरात वाजली. भाऊजी उठून उभे राहिले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "झालं. संपला." मी म्हटलं, "अजून तिसरा अंक आहे ना भाऊजी." ते म्हणाले, "नाटकात असंल. पिच्चर इथंच संपतो. आई त्याला घरात घेती, अन् मंग दिवे लागतात." ते इतकं ठाम बोलले की मलाही वाटलं, पिक्चरवाल्यांनी शेवट बदलला असेल.

पण पिक्चर संपला नाही. वाडा दिसला, सकाळ झालेली, आणि दारातून तो म्हातारा सेवक आत आला. भाऊजी उभेच होते. सेवक आईच्या पायाशी बसून सांगतो, बाईसाहेब, ज्याला तुम्ही घरात घेतलंत तो आपला धनी नव्हे, धनी माझ्या मांडीवर गेले. तो माणूस कबूल होतो, पाया पडतो, आणि आई तोंड फिरवून भिंतीकडं बघत उभी राहते. तो निघून जातो तरी ती वळत नाही. तिथं संपला. मी पिक्चर अर्धाच पाहिला, ताई, उरलेला वेळ मी भाऊजींकडं बघत होते. तारेनं वाईट बातमी आल्यावर माणूस जसा कागदाकडं बघतो, तसे ते बघत होते. शेवटी हातातला दोर उंबऱ्यावर ठेवून ते बाहेर गेले आणि संध्याकाळच्या जेवणालाही आले नाहीत. साळूबाई माझ्याकडं बघत होती. मी तिला म्हटलं, त्यांना बरं नाही.

साळूबाई गेल्यावर यांनी टीव्ही बंद केला. तुम्हाला ठाऊक आहे, चौदा वर्षांत यांनी भावावर शंका घेऊ दिली नाही, तुम्हालाही नाही, मलाही नाही. त्या संध्याकाळी हेच आपणहून म्हणाले, "नंदा, आपल्या गावात ते नाटक बसवायचे तवा म्हाताऱ्या सेवकाचं काम तात्या करायचे. बेबी सांगती ना, वसंतादादा पडद्यामागं उभा राहून तात्यांना शब्द सांगायचा. त्याला तिसरा अंक सगळा पाठ होता." मग थांबून म्हणाले, "पिच्चर कुठं का संपंना. वसंतादादा असं ठोकून बोलंल का, की संपला म्हणून? त्याला एवढं तरी वाटंल ना, की तात्यांचं काम कुठं गेलं?"

तुम्ही हेच निराळ्या शब्दांत सांगत होतात. पण त्या संध्याकाळी मला जी भीती वाटली ती तुमच्या शंकेच्याही पुढची होती. हा वसंता नाही, असं धरलं, तर याला वसंताची इतकी माहिती कुठून? कुत्र्याची, बैलाची, तुमची? म्हणजे हा वसंताच्या जवळ होता. मग वसंता कुठं आहे? यानं त्याचं काय केलं? बाई ज्याच्या हातचं पाणी पीत गेल्या, तो कोण होता? मी खुंटीवरचा विळा काढून आत नेऊन ठेवला. ज्या माणसाला चौदा वर्षं वाढलं, त्याच्या भीतीनं मी विळा लपवला. त्या आठवड्यात ते कमीच बोलले आणि मी ते कुठं जातात, काय करतात याच्यावर नजर ठेवून होते. एकदा ते आपली पत्र्याची पेटी उघडून नुसते बसलेले दिसले. मला वाटलं, आता पळणार.

एक नाव तेवढं मला ठाऊक होतं. तंबूच्या मालकाचं, महेमूदभाई. भाऊजींच्या तोंडून कधीतरी आलेलं, आणि तो परतूरचा, हेही. यांना म्हटलं, मी जाऊन बघते. बाईमाणूस गेलं तर कुणी बिथरणार नाही. भाऊजींना सांगितलं, माहेरी घनसावंगीला जाते. बसनं जालना आणि तिथून रेल्वेनं परतूर गाठलं. मोंढ्यात विचारत गेले तर एका गल्लीत त्यांच्या मुलाचं कूलर दुरुस्तीचं दुकान निघालं. म्हातारा बाहेर खुर्ची टाकून बसला होता, डोक्यावर पांढरी टोपी, नजर अधू झालेली. राजूरहून आले म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला. मी मुद्दाम आधी पिक्चरचं विचारलं. तो नाटकाचा पिक्चर तुम्ही दाखवायचात का, आणि तो कुठं संपायचा?

ते हसले. "त्याचं शेवटचं रीळ आमच्याकडं होतंच कुठं? बिदरला मशीनमधी जळालं. नवं मागवायचं तर खर्चा. मी म्हणलं, आई भेटली ना, बस. तिथंच दिवे लावा. लोक खुशीत घरी जायचे, ताई. कुणी कधी तक्रार केली न्हाई." मला कळलं की भाऊजी खोटं बोलले नव्हते. ते तंबूत होते, हे खरं. मग मी दुसरं विचारलं, "तुमच्याकडं आमचा वसंता होता ना? चौदा वर्षांमागं घरी आला तो."

महेमूदभाईंचं हसणं गेलं. बशीतला चहा त्यांनी तसाच धरून ठेवला. म्हणाले, "माझ्याकडं दोन पोरं होती, राजूरच्या खेपेपासून. कधी आपल्या गावाचं खरं नाव सांगितलं न्हाई त्यांनी, घरी धाडीन म्हणून. एक ठेंगणा, सारखा बोलणारा. एक उंच, तो बोलायचाच न्हाई. तुमच्या घरी कोण हाय?" मी म्हटलं, "उंच." त्यांनी बशी खाली ठेवली. मी विचारलं, मग ठेंगणा कुठं आहे? ते म्हणाले, "त्यालाच विचारा. तो सांगंल. बिलकुल खोटं न्हाई सांगणार. अन् ताई, रागावून विचारू नका."

परत येताना गाडीत मी काय काय विचार केले ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी हे आणि मी दोघंही खळ्यावर गेलो. भाऊजी कडब्याच्या पेंढ्या बांधत होते. मी म्हटलं, "मी घनसावंगीला गेले नव्हते. परतूरला गेल्ते. महेमूदभाईंकडं." त्यांनी हातातली पेंढी पूर्ण बांधली, गंजीवर ठेवली, आणि मग खाली बसले. त्यांचं पहिलं वाक्य असं: "माझं नाव कडूबा."

मानवतकडचे. आईबाप लहानपणीच गेलेले. तंबूत आपल्या वसंताच्या आधी थोडेच दिवस लागलेले. दोघं एका ताटात जेवायचे, एका सतरंजीवर निजायचे. वसंता बोलका, कडूबांना बोलायचं काही नव्हतं, घरच नव्हतं तर काय बोलणार. म्हणून ते ऐकत राहिले. "त्यानं सांगून सांगून तुमचं घर मला पाठ झालं," ते म्हणाले. "बेबीला कुत्रं चावलं त्या जागी मी उभा होतो असं वाटायचं मला." ऐकता ऐकता मला तुमचं वाक्य आठवलं, ऐकलेलं सांगतो म्हणून. यांनी विचारलं, मग वसंतादादा घरी का आला नाही? तर म्हणाले, आधी तात्यांच्या भीतीनं, मग लाजेनं. दर वर्षी अंगारकी आली की म्हणायचा, औंदा जाऊ, दोघंच जाऊ, माझी बाई तुला बघून म्हणंल किती वाळलास. नाटकाचं मात्र त्यानं कधी सांगितलं नव्हतं. पिक्चर लागला की तो शेवटाआधीच उठून तंबूबाहेर जायचा. का, ते कडूबांना तिथं खळ्यावरच कळलं, जेव्हा यांनी त्यांना सांगितलं की नाटकातलं ते म्हाताऱ्या सेवकाचं काम तात्या करायचे.

मी विचारलं, "मग तुम्ही आमच्या दारात खोटं का बोललात?" ते म्हणाले, "वैनी, मी खोटं बोललो न्हाई. मला बोलूच दिलं न्हाई. तंबू चालला तवर मला यायचा धीर झाला न्हाई, मंग व्हिडिओ आल्यावर तो बंद झाला. बारा गावचं पाणी पिऊन मंग मी राजूरला आल्तो. निरोप द्यायचा अन् जायचं. 'मी वसंताकडून आलो,' एवढंच सांगणार होतो. 'मी वसंता' एवढं तोंडातून निघालं अन् आईनं मला धरलं. मला जन्मात कुणी तसं धरलं नव्हतं. मी म्हणलं, आज राहू दे, उद्या सांगतो." तो उद्या आला नाही. दोनदा ते बाईंना सांगायला बसले होते. एकदा पहिल्याच पावसाळ्यात, एकदा मागल्या वर्षी, दुखणं वाढल्यावर. "दोन्ही बारीला मी म्हणलं, आई, मला एक सांगायचंय. अन् दोन्ही बारीला त्या म्हणल्या, आधी जेवून घे. दुसऱ्या बारीला तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला." मग ते आमच्याकडं न बघता म्हणाले, "त्यांना ठाऊक होतं का न्हाई, मला सांगता येत न्हाई. मी कधी विचारलं न्हाई."

हे ऐकून तुमचा भाऊ राम, ज्याला मी इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नाही, खळ्यावर डोकं गुडघ्यात घालून बसला. मला वाटलं होतं, मी रागावेन. फसवलं म्हणून, बाईंना, तुम्हाला. रागावलेही असते. पण त्याआधी मला तो दुसरा प्रश्न विचारायचा होता, वसंता कुठं आहे हा. यांनीच विचारला.

बेबीताई, आता दाजींना जवळ बोलवा. आपला वसंता आता या जगात नाही. एकाहत्तर साली गंगाखेडच्या जत्रेत तंबू ठोकताना लोखंडी खुंटी त्याच्या पायात गेली. त्यानं चिंधी बांधली आणि काम केलं. आठ-दहा दिवसांनी जबडा बसला. धनुर्वात होता. शेवटच्या दोन दिवसांत बोलता येत होतं तेवढं तो कडूबांना एकच सांगत राहिला, घरी सांग, बेबीला सांग. बाईंचं नाव त्यानं नाही घेतलं, तुमचं घेतलं. गोदावरीच्या काठी कडूबांनीच त्याला अग्नी दिला. चौदा वर्षं तुम्ही म्हणत होतात की हा माझा भाऊ नाही, आणि तुम्हीच बराबर होतात. पण तुम्ही बराबर असण्याचा अर्थ हा होता, आणि तो मलाही आधी दिसला नाही. कडूबांनी पेटी भरून ठेवली आहे. ते म्हणतात, निरोप बेबीचा होता, तो मी तिला कधी दिलाच नाही, तिला ती जागा दाखवतो आणि मग जातो, तिनं पोलिसात दिलं तर तिथंही जातो. त्या जागेवर दगड नाही, झाड नाही, नदीनं काठही बदलला असेल. ती ओळखू शकेल असा माणूस एकच आहे. पाडव्याच्या आधीच्या रविवारी सकाळी हे, मी आणि ते परभणीच्या स्टेशनावर नांदेडच्या गाडीची वाट बघत उभे राहू. तुम्ही उतरलात तर चौघं मिळून गंगाखेडला जाऊ. त्यांच्याशी बोला असं मी म्हणत नाही. फक्त एवढं करा, त्यांना कोणत्या नावानं हाक मारायची ते तिथं उभं राहून तुम्ही मला सांगा. मी परवापासून त्यांना जेवायला बोलावताना नुसतीच दारात जाऊन उभी राहते.

तुमचीच,
नंदा